कवटी नको, मात्रा शिकवा



२६ जून हा दिवस मादक द्रव्यांच्या विरोधात पाळावा असे संयुक्त राष्ट्रसंघाने १९८७ साली ठरविले. आपल्याकडे शाळा तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. गेल्या वर्षी त्या दिवशी नाशिकच्या एका शाळेने मला चित्रकला स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवितो. चित्रातले मला फारसे कळत नाही. पण कॉलेजातले ‘सर’ परीक्षक म्हणून बरे दिसतात, एवढेच कारण असावे. आठवी-नववीच्या मुलामुलींची बेचाळीस चित्रे भिंतीवर लावली होती. मोजण्याची सवय असल्यामुळे मी मोजले. एकतीस चित्रांत कवटी होती. उरलेल्यांत इंजेक्शनची सुई, साखळदंडात जखडलेला तरुण, विळखा घालून बसलेला नाग असे काहीबाही होते. चित्रे चांगली काढली होती. मी तीन क्रमांक काढले, चहा घेतला आणि घरी आलो.

घरी आल्यावर डोके दुखू लागले म्हणून फ्रिजवरचा पत्र्याचा डबा खाली काढला. मूळचा तो बिस्किटांचा. आता त्यात घरातली औषधे असतात. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल, नाहीतर कपाटातला एखादा खण असेल. डोकेदुखीची गोळी शोधता शोधता माझ्या लक्षात आले, की बेचाळीस मुलांपैकी एकानेही हा डबा काढला नव्हता. आणि माझ्यासारख्या परीक्षकालाही शाळेत बसलेला असताना तो आठवला नव्हता.

नाशिकच्या मुलांना मादक द्रव्य हा शब्द नवा नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळच्या शिंदे गावातल्या एका कारखान्यावर मुंबई पोलिसांनी छापा घातला आणि मेफेड्रोनचा मोठा साठा पकडला, तेव्हा कित्येक दिवस गावात दुसरा विषय नव्हता. पण त्या बातमीने एक गैरसमज पक्का केला. मादक द्रव्य म्हणजे गुंडांनी चोरून बनविलेली, अंधारात विकलेली काहीतरी पांढरी पूड, असा तो समज. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावचे उदाहरण पाहा. तेथे पोलिसांनी ‘कुत्ता गोळी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गोळ्या अनेकदा पकडल्या आहेत. नाव ऐकून वाटते, हे काय भयंकर रसायन असेल! ती गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. जिवाची विलक्षण घालमेल होणाऱ्या रुग्णांना डॉक्टर ती थोड्या दिवसांसाठी लिहून देतात. ती रीतसर औषधांच्या कारखान्यात बनते, स्वच्छ पाकिटात बंद होते आणि गावोगावच्या औषधांच्या दुकानात मिळते. आपल्या डब्यातही असू शकते.

मला वाटते, येथे आपली भाषाच आपल्याला थोडी फसविते. इंग्रजीत औषधालाही ‘ड्रग’ म्हणतात आणि मादक द्रव्यालाही ‘ड्रग’च म्हणतात. मराठीत मात्र दोन शब्द आहेत, म्हणून आपण समजतो की पदार्थही दोन जातींचे आहेत : औषध तेवढे चांगले, मादक द्रव्य तेवढे वाईट. निसर्गात अशी वाटणी नाही. १८९८ साली जर्मनीतल्या बायर कंपनीने खोकल्यावर एक नवे औषध बाजारात आणले, त्याचे नाव हेरॉईन. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन झोपवीत आणि मग पाळीवर जात. त्या माऊल्या काही गुन्हेगार नव्हत्या. मूल रडले तर त्याला घेणारे घरी कोणी नसे.

आपल्या आज्या बाळगुटी उगाळताना सहाणेवर वेढे मोजीत, हे तुम्ही घरी ऐकले असेल. महिन्याच्या बाळाला एक वेढा, थोड्या मोठ्याला दोन. त्या गुटीत औषधी गुण किती होता हा प्रश्न वेगळा. पण किती, कोणाला आणि केव्हा हे तीन प्रश्न त्या विसरत नसत. या तीन प्रश्नांनाच आपण मात्रा म्हणतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना औषधांच्या गैरवापरापासून वाचवायचे असेल, तर त्यांना कवटी दाखविण्यापेक्षा मात्रेचे गणित शिकवावे. ते अवघड नाही. थोडे येथेच करून पाहू.

एक मूठभर चिंचोके फोडा. प्रत्येक फोडीची एक बाजू पांढरी आणि एक काळपट असते. अशा ६४ फोडी घ्या. त्या खाली टाका आणि पांढरी बाजू वर आलेल्या फोडी बाजूला काढा. सुमारे ३२ उरतील. उरलेल्या पुन्हा टाका, १६ उरतील. मग ८, मग ४. (बरोबर एवढ्याच उरणार नाहीत. का नाहीत, ते तुमच्या शिक्षकांना विचारा.) पोटातून रक्तात गेलेली बहुतेक औषधे याच रीतीने कमी होतात. यकृत त्यांचे रूपांतर करते, मूत्रपिंडे त्यांना बाहेर टाकतात आणि ठरावीक वेळात त्यांचे प्रमाण निम्मे होते. या वेळेला अर्धायुष्य म्हणतात. रेडियम, युरेनियम यांच्या संदर्भात हा शब्द तुम्ही वाचला असेल. गणित तेच आहे. अल्प्राझोलामचे अर्धायुष्य निरोगी माणसात साधारण ११ तास असते. त्याच कुळातल्या डायझेपामचे एक ते दोन दिवस असते.

आता दुसरा खेळ. प्रत्येक फेकीनंतर उरलेल्या फोडींत नव्या ६४ फोडी मिसळा. पहिल्या फेकीनंतर ३२ उरल्या, त्यांत ६४ मिसळल्या की झाल्या ९६. त्यांच्या निम्म्या ४८. अधिक ६४ म्हणजे ११२. पुढे १२०, मग १२४. आकडा १२८ च्या जवळ जाऊन थांबेल. आपण दर वेळी ६४ च घालतो आहोत, तरी ढीग दुप्पट झाला! डायझेपामचे अर्धायुष्य दोन दिवस धरले आणि गोळी रोज रात्री एक घेतली, तर पहिल्या रात्री रक्तात एका गोळीइतके औषध असते, दुसऱ्या रात्री १.७१, तिसऱ्या रात्री २.२१, आठवड्याच्या शेवटी तीन गोळ्यांहून अधिक. चौकटीच्या कागदावर आलेख काढून पाहा. ‘मी तर रोज एकच घेतो’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. फक्त त्याने बेरीज केलेली नसते.

या आलेखाच्या चढत्या बाजूलाही एक खड्डा आहे. काही वर्षांपूर्वी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक हुशार मुलगा मीटर ब्रिजवर शून्यबिंदू शोधीत बसला होता. अर्धा तास झाला तरी त्याला तो सापडेना. वहीत त्याने एकच वाचन तीनदा लिहिले होते आणि तारेवर जॉकी टेकवता टेकवता त्याचे डोळे मिटत होते. मला प्रथम रागच आला. मग शेजारी बसवून पाणी दिले आणि विचारले. परीक्षेच्या धास्तीने झोप येईना म्हणून त्याने आत्याची गोळी घेतली होती, हीच, अल्प्राझोलाम. रात्री साडेनऊला एक घेतली. अर्ध्या तासात काहीच वाटेना म्हणून दहाला आणखी एक. ही गोळी रक्तात पूर्ण भरायला एक ते दोन तास लागतात. म्हणजे पहिलीचा परिणाम सुरू होण्याआधीच त्याने दुसरी घेतली. सकाळी नऊला तो परीक्षेला बसला तेव्हा अकरा तास झाले होते. तुम्हीच हिशेब करा : दोन गोळ्यांच्या निम्म्या, एक. एक अख्खी गोळी रक्तात घेऊन तो मीटर ब्रिजवर बसला होता! सुदैवाने आमच्या विभागप्रमुखांनी त्याला दुसऱ्या दिवशीच्या तुकडीत बसविले. या मुलाने आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता. शाळेत त्याने व्यसनमुक्तीची शपथही घेतली असेल, आणि ती त्याने मोडली असे त्याला कधी वाटलेही नसेल. आत्याची गोळी म्हणजे औषध!

आता माझे स्वतःचे सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण दुसऱ्याचे सांगितले तर स्वतःचे झाकून ठेवणे बरे नाही. सहा वर्षांपूर्वी माझे वडील गेले. झोप पार उडाली. डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी झोपेची गोळी दिली आणि बजावून सांगितले, दहाच दिवस. मी ती चार महिने घेतली. चिठ्ठी जुनी झाली होती. पण औषधाच्या दुकानदाराचा मुलगा माझा विद्यार्थी. ‘सर, तुम्हाला कसली चिठ्ठी लागते,’ असे म्हणून तो पाकीट काढून देई आणि मला त्या मानाचे बरेही वाटे. एके दिवशी ठरविले, पुरे झाले, आणि गोळी एकदम बंद केली. दोन दिवसांनी हात थरथरू लागले, फळ्यावर लिहिताना खडू निसटू लागला, छाती धडधडू लागली आणि झोप तर पहिल्यापेक्षा दूर. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि मग पाव-पाव गोळी कमी करीत दोन महिन्यांत सोडविली. ‘अशी एकदम बंद केली तर कोणाकोणाला झटकेही येतात,’ असे ते म्हणाले. एम.एस्‌सी. झालेला, वीस वर्षे अर्धायुष्य शिकविणारा मी. पण माझ्या डोक्यातले अर्धायुष्य रेडियमचे होते, माझे नव्हते.

हे असे का होते? मेंदूतल्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवितात. त्यांपैकी गॅबा नावाचा निरोप्या ‘सावकाश, सावकाश’ असे सांगत असतो. तो मेंदूचा ब्रेक म्हणा. या कुळातल्या गोळ्या त्याचे म्हणणे मोठे करून सांगतात, म्हणून घालमेल शमते आणि झोप येते. स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनातून यांतली पहिली गोळी १९६० साली बाजारात आली आणि १९६३ साली डायझेपाम आले. त्याआधीच्या झोपेच्या औषधांपेक्षा ती पुष्कळच सुरक्षित होती, म्हणून डॉक्टरांनी ती भरभरून लिहिली. सवय जडते हे कळायला काही वर्षे गेली. रोज ब्रेक दाबलेला राहिला तर शरीर काय करते? ते उलट बाजूने जोर लावते. रस्सीखेचीत समोरचा गट जसा ओढील तसे आपण मागे रेलतो ना, तसे. काही आठवड्यांनी दोन्ही जोर जुळतात आणि त्याच गोळीने पहिल्यासारखे वाटेनासे होते. मग कोणी दोन घेतो. आणि समोरच्याने अचानक दोर सोडला तर? आपण पाठीवर आपटतो. माझा खडू निसटत होता तो यामुळे. दोर हळूहळू सैल करावा लागतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन, जबर वेदनांवर देतात ते ट्रामाडोल, ही वेगळ्या कुळातली, अफूच्या नात्यातली. ही श्वासाचा वेग मंद करतात. कोडीनचे यकृतात मॉर्फिन होते आणि काही जणांच्या शरीरात हे रूपांतर फारच झपाट्याने होते; कोणाच्या, ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना ही दोन्ही औषधे देऊ नयेत असे बजावले. आपल्याकडे २०१८ साली ट्रामाडोल मादक द्रव्यांच्या कायद्याखाली आले. झोपेच्या गोळीबरोबर यांतले काही, किंवा दारू, पोटात गेली तर दोन ब्रेक एकदम दाबले जातात. येथे साधी बेरीज पुरत नाही; श्वास थांबू शकतो.

एम्स या संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली एक मोठी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. देशातले सुमारे १ कोटी १८ लाख लोक गुंगीची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर घेतात, असे तीत आढळले. एवढी माणसे काही अंधाऱ्या गल्लीत गोळ्या विकत घेत नसणार.

मग आमचे शिक्षणतज्ज्ञ काय करतात? शपथ देतात. भित्तिपत्रके रंगवून घेतात. असा प्रयोग अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. १९८३ साली लॉस एंजलिसमध्ये पोलिसांनीच शाळेच्या वर्गात जाऊन मुलांना मादक द्रव्यांना नकार द्यायला शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो देशभर पसरला. २००३ साली तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्यावरच्या दीर्घकालीन पाहण्या तपासल्या, तेव्हा तो कार्यक्रम झालेल्या आणि न झालेल्या मुलांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. पुढे त्यांनी अभ्यासक्रम बदलला. आपण मात्र अजून कवटीवर आहोत. मुलांना कळते, की घरी आजोबा रोज गोळी घेतात आणि त्यांच्या डोक्यावर काही कवटी उगवत नाही. मग ती आपले सगळेच म्हणणे खोटे धरतात, खरे होते तेही.

माझ्या एका शिक्षिका मैत्रिणीचा याला विरोध आहे. त्या म्हणतात, ‘सर, नावे आणि परिणाम सांगितले की जी मुले शोधणार नव्हती तीही शोधायला लागतील.’ त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. कोणती गोळी घेतल्यावर कसे वाटते याची वर्णने वर्गात करू नयेत, हे मला मान्य आहे. पण नाव तर पाकिटावर छापलेलेच असते. ते वाचायला शिकविले म्हणून कोणी बिघडेल असे मला वाटत नाही. आणि हे सगळे मूल्यशिक्षणाच्या तासाला नको, विज्ञानाच्या आणि गणिताच्या तासाला हवे. तेथे मूल प्रश्न विचारते. शपथेला कोणी प्रश्न विचारतो का?

पाकीट कसे वाचायचे? डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांच्या पाकिटावर आर आणि एक्स ही दोन इंग्रजी अक्षरे एकत्र छापलेली असतात. पुष्कळदा कडेला उभी लाल रेघही असते. त्या अक्षरांच्या आधी लाल रंगात एन हे अक्षर असेल, तर ते औषध मादक द्रव्यांच्या कायद्यातही बसते असे समजा. १ मार्च २०१४ पासून काही औषधांसाठी आणखी एक नियम आहे : त्यांच्या पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते, आणि दुकानदाराने डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण एका वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, कोडीन, ट्रामाडोल ही सगळी त्या यादीत आहेत. नाशिकची गोळे कॉलनी म्हणजे औषधांचा घाऊक बाजार; तेथून खोक्यांनी भरलेल्या दुचाक्या निघताना तुम्ही पाहिल्या असतील. त्या खोक्यांतल्या कोणत्या पाकिटाला वही लागते आणि कोणत्याला नाही, हे नववीच्या मुलाला सांगता आले पाहिजे.

एखादा मित्र किंवा मैत्रीण अशा गोळ्या घेऊन सुस्त पडलेली दिसली तर ‘झोपू दे, उतरेल’ असे म्हणू नका. हलवून जागी होत नसेल किंवा श्वास फार सावकाश चालला असेल तर लगेच मोठ्या माणसाला हाक मारा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. कुशीवर वळवून ठेवा. कॉफी पाजू नका, उलटी करवू नका. गोळ्यांचे रिकामे पाकीट डॉक्टरांसाठी बरोबर द्या. घरच्यांची बोलणी बसतील म्हणून ते लपविण्यात जो वेळ जातो, तोच धोक्याचा.

आणि सवय लागलेलीच असेल तर? आपल्या महाराष्ट्रात याचे उत्तर फार चांगले दिले गेले आहे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्याला, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले; त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचा आधार होता. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे, या समजुतीवर ते उभे राहिले. बरे झालेले रुग्णच तेथे पुढच्यांना हात देतात. तुमच्या वयाच्या मुलांना १०९८ या क्रमांकावर, आणि कोणालाही व्यसनासंबंधी १४४४६ या क्रमांकावर फुकट बोलता येते.

त्या स्पर्धेच्या रात्री मी तो डबा जेवणाच्या टेबलावर ओतला. माझी मुलगी आठवीत आहे. तिला पाकिटे वाचायला बसविले. तेरा पाकिटे निघाली. पाचांची मुदत संपलेली. दोन कशाची ते आम्हा दोघांनाही आठवेना. एकावर लाल एन होता आणि आत सहा गोळ्या शिल्लक होत्या. त्या माझ्याच, चार महिन्यांतल्या. गोळ्या मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेऊन दिल्या, आणि औषधांचा डबा आता कुलपाच्या कपाटात असतो. पण मुलीने त्याच रात्री एक प्रश्न विचारला होता : ‘बाबा, त्या दुकानदाराच्या वहीत तुमचे नाव असेल का? आणि डॉक्टरांच्या नावाच्या जागी त्याने काय लिहिले असेल?’

मी अजून त्याला विचारायला गेलेलो नाही.